संख्या तीच, मुदत वेगळी

रमजानचे रोजे फर्ज आहेत. पण आजारी माणसावर किंवा प्रवाशावर ते त्याच महिन्यात धरण्याची सक्ती नाही. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे, त्यालाच आपण कजा म्हणतो. दहा सुटले तर दहाच धरायचे. आजारपणामुळे मागे राहिला म्हणून कोणी त्याला बारा धरायला लावत नाही. ही साधी न्यायाची गोष्ट आपल्या विद्यापीठांच्या फीमध्ये मात्र दिसत नाही.

थॅलेसीमिया असलेल्या मुलीला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. अंध मुलाचा कितीतरी वेळ पुस्तके स्कॅन करून वाचण्याजोगी करण्यात जातो. अशा विद्यार्थ्याने एका सत्रात पाचाऐवजी तीनच विषय घेतले, तर तो आळस नव्हे, शहाणपण आहे. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फी वर्षाची किंवा सत्राची असते, विषयांची नव्हे. समजा, वर्षाची फी ६० हजार आहे. तीन वर्षांत पदवी घेणारा १ लाख ८० हजार भरेल. तीच पदवी पाच वर्षांत घेणारा ३ लाख भरेल. विषय तेवढेच, पदवी तीच. मग वरचे १ लाख २० हजार कशाचे? सरळ सांगायचे तर दिव्यांग असण्याचे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे, थॅलेसीमियाही त्यात येतो. उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत. अभ्यासक्रमात आणि परीक्षेत गरजेनुसार बदल करण्याची तरतूद आहे. पेपरला जादा वेळ देणे आता आपल्याला पटले आहे. मग पदवीला जादा वेळ देताना जादा पैसे का मागावेत?

हिशेब अवघडही नाही. नव्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात आणि ते श्रेयांक बँकेत जमा होतात. मग फीही श्रेयांकांवरच लावा. कॅनडात दिव्यांग विद्यार्थ्याने ४० टक्के अभ्यासभार घेतला तरी सरकारी विद्यार्थी मदतीसाठी त्याला पूर्णवेळ धरता येते. इतरांसाठी ही अट ६० टक्क्यांची आहे.

कोणी म्हणेल, विद्यार्थी जास्त वर्षे राहिला की ग्रंथालय, कार्यालय यांचा खर्च वाढतो. थोडा वाढेल. पण तीन विषय शिकणाऱ्याकडून पाच विषयांची फी घेण्याचे ते कारण होत नाही. उरलेला खर्च सरकारने उचलावा.

आणि आपणही आपल्याकडे पाहू या. जकातीच्या पैशातून शिष्यवृत्ती देताना 'दरवर्षी सगळे विषय पास' अशी अट असेल, तर हळू पण नेटाने शिकणारा गरीब दिव्यांग विद्यार्थी पहिल्याच वर्षी गळतो. मुलगी असेल तर घरचे म्हणतात, "पुरे झाले आता." ट्रस्टच्या अर्जात ही एक ओळ बदलायला कुठल्याही शासन निर्णयाची गरज नाही. येत्या शैक्षणिक वर्षाचे अर्ज छापण्याआधी ती बदलून टाका.