टाय रॉड बदलला. चाकांची जुळणी कोणीं पाहावी?

ऊसतोडीच्या तोंडावर ट्रॅक्टरचा टाय रॉड बदलून घेणारे शेतकरी पुष्कळ; परंतु त्यानंतर पुढील चाकांची जुळणी मोजून घेणारे फारच थोडे. आमच्या मतें हें काम अर्धवट सोडणेंच होय.

टाय रॉडच्या टोंकाचा गोळा झिजला कीं स्टिअरिंगला ढिलाई येते. तो खोबणींतून निसटला तर एक चाक मोकळें होतें. अशा वेळीं मागें उसानें भरलेल्या दोन ट्रॉल्या असल्यास काय होईल, हें सांगावयास नको. तेव्हां नवा रॉड हवाच. पण त्याच्या आट्यांत दोन फेऱ्यांचा फरक पडला तरी चाकें तिरपीं घासत चालतात. जोडींतला एक बैल अंग चोरूं लागला तर नांगऱ्यास तत्काळ कळतें. टायर मात्र मुकाट्यानें झिजत राहतो.

मोजणी अवघड नाहीं. सपाट जागीं चाकें सरळ ठेवून, आंसाच्या उंचीवर, दोन्ही टायरांच्या मध्यरेषांवर मागील बाजूस खडूच्या खुणा करून त्यांतील अंतर मोजावें. मग तीं चाकें अर्धा फेरा फिरतील इतका ट्रॅक्टर पुढें ढकलून त्याच खुणांतील अंतर पुढून मोजावें. पुढील अंतर बहुधा कांहीं मिलिमीटर कमी असावें लागतें; नेमका आंकडा यंत्राच्या पुस्तिकेंत असतो. तो साधेपर्यंत रॉडची लांबी जुळवून लॉकनट घट्ट आंवळावा.

मिस्त्री नुसत्या नजरेनें पाहून "ठीक आहे" म्हणतो, तें आम्हांस मान्य नाहीं. आपल्यासमोर टेप लावल्यावांचून त्यास मजुरी देऊं नये.