नकाशाआधी कुंभारी
वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला बंगल्याचा आराखडा देण्याआधी सोलापुरातल्या शिक्षकांनी मुलांना शहराजवळच्या कुंभारी गावाला न्यावं, असं मला मनापासून वाटतं. तिथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांची १० हजार घरं २००६ साली उभी राहिली. जवळच्या रे नगरातली पहिली १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात मिळाली. विडी वळणारीचं घर हाच तिचा कारखाना. सूप मांडीवर घेऊन ती दिवसभर बसते तेव्हा उजेड कुठून येतो, तंबाखूची धूळ कुठे जाते, भिजवलेली तेंदूची पानं कुठे ठेवतात, तान्हं मूल कुठे झोपतं, हे मुलांनी तिच्याशेजारी बसून टिपावं. मग मे महिन्यातली एक दुपार सिमेंटच्या स्लॅबखाली काढावी, दुसरी एखाद्या जुन्या माळवदाखाली. माळवदावरचा मातीचा जाड थर उन्हाची उष्णता सहज आत येऊ देत नाही. पण तीच जड माती आणि दगडी भिंती १९९३ च्या भूकंपात किल्लारीत झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हेही त्याच तासाला शिकवायला हवं. छताला चुना, पश्चिमेला सावली, समोरासमोर खिडक्या यांचा खर्च मुलांनी विडीच्या मजुरीच्या हिशेबात मांडून दाखवावा, आणि मार्क त्यावर द्यावेत.