पदकाची साक्ष

वीरपदकांविषयी सुशिक्षितांच्या बैठकीत वारंवार घेतला जाणारा आक्षेप असा की, मृताच्या नावे दिलेला धातूचा तुकडा त्याच्या घरची चूल पेटवीत नाही, आणि ही सारी प्रथाच मुळी इंग्रजी अमदानीची अवशिष्ट खूण होय. ज्या जबलपुरात १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे आणि ग्रेनेडियर्स व जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रे आहेत, त्या जबलपुरात तरी हा आक्षेप निरुत्तर राहू नये.

परकेपणाचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी शिपायांना १९११ पर्यंत मिळतच नव्हता, हे खरे. परंतु २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या परमवीर चक्राची आकृती रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर या जन्माने युरोपीय असूनही एका मराठी सेनाधिकाऱ्याच्या पत्नी आणि आपल्या पुराणांच्या व्यासंगी होत्या, आणि त्या कांस्यचक्रावर त्यांनी इंद्राचे वज्र योजिले, म्हणजे ज्यासाठी दधीची ऋषींनी स्वतःच्या अस्थी दिल्या तेच आयुध. दात्याच्या देहत्यागाचे स्मरण करून देणारे हे चिन्ह उसने कसे म्हणावे?

चुलीचा आक्षेप मात्र गंभीर आहे. निवृत्तिवेतन हे सरकारवरील देणे आहे, ते वेळेवर व पुरते पोचलेच पाहिजे, आणि त्यात कुचराई करणाऱ्या दप्तराने पदकाची सबब पुढे करणे हा अपराधच होय. तथापि वेतन मृत्यूची दखल घेते. कृत्याची घेत नाही. परमवीर चक्राचे मानकरी, चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद हे सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या रणांगणात जीपवरील तोफेने पॅटन रणगाडे टिपीत राहिले आणि १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. ही हकीकत कोणत्या वेतनपत्रकात सापडेल?

आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, रायगडातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे! १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात तुकडीतील सोबती मारले गेले वा घायाळ झाले असता त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, मॅगझीन बदलण्यास वेळ न उरल्याने बंदुकीच्या दस्त्याने शेवटचे दोघे लोळविले, आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांची समाधी कोठेही नाही. कॅसिनोच्या स्मारकावर केवळ नाव आहे. ज्या माउलीला पुत्राची राखही लाभली नाही, तिच्यासमोर ‘पदकाने काय होते’ असे विचारण्याचे धैर्य त्या पंडितांना होईल काय?

पाहणारा कोणी न उरल्याने कित्येकांचा पराक्रम अलिखित राहिला, हे दुःख मी नाकारीत नाही; पण त्यामुळे लिहिलेली साक्षही मोडीत काढावी, हा न्याय मला मान्य नाही. उलट प्रत्येक पदकामागील शौर्यवृत्तान्त त्या वीराच्या मातृभाषेत त्याच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावा, घरच्यांना त्याची प्रत द्यावी, आणि पळसगावच्या शाळेत दर १० जुलैला घाडग्यांचा वृत्तान्त मराठीतून वाचला जावा, अशी माझी मागणी आहे.