ओलिंपियातील एक रात्र आणि ब्रेटन संगीत: काय वाचले, काय निसटले?

१/ २८ फेब्रुवारी १९७२. एडिथ पियाफने गाजवलेल्या पॅरिसच्या ओलिंपिया रंगमंचावर अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण हार्प घेऊन उभा राहिला. त्याची बरीच गाणी ब्रेटन भाषेत होती. मैफल ‘युरोप १’ रेडिओवरून थेट प्रक्षेपित झाली आणि त्याच वर्षी तिची ध्वनिमुद्रिका निघाली. तरुणाचे नाव आलाँ स्तिव्हेल.

२/ या मुद्रिकेभोवती एक आख्यायिका आहे: मरणपंथाला लागलेले संगीत म्हणे एका रात्रीत जिवंत झाले. आख्यायिका म्हणून ती देखणी आहे, इतिहास म्हणून अपुरी. त्या रात्रीमागे वीस-तीस वर्षांची मशागत होती. शिवाय त्या रात्रीला जे साधले नाही, त्याचाही हिशेब मांडायला हवा.

३/ आधी पार्श्वभूमी. ब्रिटनी हे फ्रान्सच्या वायव्येचे द्वीपकल्प १५३२ साली फ्रेंच राज्याला जोडले गेले. ब्रेटन ही केल्टिक भाषा. तिचे जवळचे नाते वेल्श आणि कॉर्निशशी आहे, फ्रेंचशी नाही.

४/ एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत शाळेमध्ये ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात अनेकदा लाकडी खडावेसारखी एखादी वस्तू अडकवली जाई. दुसरे एखादे मूल ब्रेटन बोलताना पकडून दिले, तरच ती त्याच्या गळ्यातून उतरे. शिक्षेबरोबर चहाडीचाही धडा मिळे.

५/ ही लाज मनात मुरली. दुसऱ्या महायुद्धानंतर असंख्य आईबापांनी मुलांशी फक्त फ्रेंच बोलायचे ठरवले. त्यातच युद्धकाळात काही ब्रेटन राष्ट्रवाद्यांनी जर्मनांशी हातमिळवणी केली होती. त्यामुळे ब्रेटन अस्मितेची चळवळच संशयास्पद ठरली.

६/ संगीताचे काय झाले? ग्रामीण ब्रिटनीत नृत्य कामाशी बांधलेले होते. नवे खळे करायचे तर शेजारीपाजारी जमत आणि नाचून-नाचून त्याची माती घट्ट करत. सुगीचे मोठे काम सरले की रात्री गाणे-नाचणे होई. यंत्रे आली, तरुण कामासाठी पॅरिसला गेले. खळे गेले, आणि खळ्यावरचा नाचही.

७/ इथे पहिले महत्त्वाचे नाव येते ते लोएझ रोपार्स यांचे. १९५०च्या दशकात पूलावेन गावाच्या परिसरात त्यांनी ‘फेस्ट-नोज’, म्हणजे रात्रीचा उत्सव, शेतातून सभागृहात आणला. मंचावर दोन गायक. एकाची ओळ संपता संपता दुसरा तिची शेवटची अक्षरे उचलतो आणि ओळ पुन्हा गातो. याला ‘कान हा दिस्कान’ म्हणतात.

८/ दुसरी मशागत वाद्यांची. ब्रिटनीत बोंबार्द (आपल्या सनईच्या कुळातले वाद्य) आणि बिन्यू हा लहान बॅगपाइप अशी जोडी वाजे. १९४०च्या दशकात स्थापन झालेल्या ‘बोदादेग आर सोनेरियन’ या वादकसंघटनेने स्कॉटलंडच्या पाइप बँडचा नमुना घेतला आणि ‘बागाद’ हे मोठे वाद्यपथक घडवले. स्तिव्हेलही अशाच एका पथकात तयार झाला.

९/ तिसरी मशागत घरातली. मध्ययुगानंतर ब्रिटनीतून लोपलेली केल्टिक हार्प आलाँचे वडील जॉर्ज कोशव्हेलू यांनी १९५३ साली नव्याने बनवली. पोराचे वय तेव्हा नऊ. त्याच वर्षी त्याने ती लोकांसमोर वाजवली.

१०/ आता हे तिन्ही धागे एकत्र पाहा. फेस्ट-नोज सभागृहात आलेला, बागाद स्कॉटिश वळणाचा, हार्प नव्याने घडवलेली. ‘शुद्ध परंपरा’ ज्याला म्हणायचे, ती १९७२ पूर्वीच हेतुपुरस्सर नव्याने रचली गेली होती. स्तिव्हेलने परंपरेत वीज आणली, ती आधीच पुन्हा बांधलेल्या घरात.

११/ म्हणून ओलिंपियातील इलेक्ट्रिक गिटारला भ्रष्टता म्हणणे टिकत नाही. गिटारवर दान आर ब्राझ, व्हायोलिनवर रने व्हेर्नेर, सोबतीला ड्रम्स आणि ऑर्गन. ‘पॉप प्लिन’मध्ये मध्य ब्रिटनीच्या प्लिन नृत्याची लय रॉकच्या अंगाने येते, पण पावलांचा ठेका सुटत नाही.

१२/ गाण्यांची निवडही बोलकी आहे. ‘त्री मार्तोलोद’ हे तीन खलाशांचे लोकगीत. ‘आन आलार्ख’ (हंस) हे १३७९ साली परागंदा ड्यूक जाँ चौथा परतला त्याची आठवण सांगणारे. शेजारी आयरिश आणि स्कॉटिश गाणी. शाळेत ज्या भाषेची लाज वाटायला शिकवले, तिचे भाऊबंद समुद्रापलीकडे आहेत, हे पॅरिसच्या श्रोत्यांना ऐकू आले.

१३/ परिणाम खरा होता. लोरियाँचा आंतर-केल्टिक महोत्सव १९७१ पासून सुरू झालेलाच होता. १९७२ मध्ये लोकगीते संकलित करणारी ‘दास्तुम’ संस्था उभी राहिली. १९७३ मध्ये साठी-सत्तरीतल्या गोआदेक भगिनी पॅरिसच्या बोबिनो रंगमंचावर गायल्या, तेही साथीला एकही वाद्य न घेता.

१४/ १९७७ मध्ये ब्रेटन माध्यमाची पहिली ‘दिवान’ शाळा निघाली. १९९६ मध्ये युरोव्हिजन स्पर्धेत फ्रान्सचे प्रतिनिधित्व केले ते दान आर ब्राझ आणि त्यांच्या वृंदाच्या ब्रेटन गीताने. २०१२ मध्ये फेस्ट-नोज युनेस्कोच्या वारसा यादीत गेला.

१५/ आता दुसरी बाजू. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रेटन बोलणारे सुमारे दहा लाख होते. २०१८च्या पाहणीत दोन लाखांच्या आसपास. २०२४च्या पाहणीत सुमारे एक लाख सात हजार. संगीत चढत गेले त्याच पन्नास वर्षांत भाषा उतरत गेली.

१६/ हे असे का? फेस्ट-नोजमध्ये नवखा माणूस करंगळीत करंगळी अडकवून तासाभरात नाच शिकतो. भाषेला असा तास पुरत नाही. तिला स्वयंपाकघर लागते, आजी लागते, बाजार लागतो. ज्या पिढीने ‘त्री मार्तोलोद’ पाठ केले, तिच्यातील अनेकांच्या घरात ती साखळी आधीच तुटली होती.

१७/ राज्यानेही हात राखूनच दिला. १९९२ मध्ये फ्रेंच ही प्रजासत्ताकाची भाषा असल्याचे राज्यघटनेत लिहिले गेले. प्रादेशिक भाषांच्या युरोपीय सनदेवर १९९९ मध्ये फ्रान्सने सही केली, पण तिला मंजुरी कधीच दिली नाही. २०२१ मध्ये संविधान परिषदेने सार्वजनिक शाळांत संपूर्ण प्रादेशिक भाषेतून शिकवण्याची तरतूद रद्द केली.

१८/ इथे सावध राहायला हवे. भाषा घटली म्हणून संगीताची चळवळ फसवी ठरत नाही. दिवान शाळा काढणारे पालक ज्या वातावरणात उभे राहिले, ते घडवण्यात या संगीताचा मोठा वाटा होता. अभिमान परत आला नसता, तर शाळेची मागणीच झाली नसती.

१९/ पण अभिमानाला कामाची जागा घेता येत नाही. गाणे लाज धुऊन काढते. मूल कोणत्या भाषेत वाढवायचे, हा निर्णय मात्र घराला घ्यावा लागतो आणि त्याला शाळेने, कायद्याने बळ द्यावे लागते. ब्रिटनीत पहिली गोष्ट झाली. दुसरी फार उशिरा, फार थोडी झाली.

२०/ ही मुद्रिका अवश्य ऐकावी. तिच्यात रोपार्सची चिकाटी, बागादची शिस्त आणि एका बापाच्या हातची हार्प आहे. टाळ्यांच्या कडकडाटात ‘त्री मार्तोलोद’ संपते, तेव्हा एक प्रश्न मनात ठेवावा: टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजण त्या रात्री घरी जाऊन मुलांशी ब्रेटन बोलले असतील?