मुख्याध्यापकाचा वेळ कोणाचा?

प्राथमिक शिक्षणाच्या अवस्थेविषयी आपल्याकडे जी चर्चा होते तिच्यातील आरोपी बहुधा ठरलेला असतो. मुलाला वाचता येत नाही, म्हणजे शिक्षक शिकवीत नाही, असा निवाडा एका दमात दिला जातो. शिक्षकांच्या संघटना शासनाकडे बोट दाखवितात; शासन नवे परिपत्रक काढते. या वादात एक पद मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते पद मुख्याध्यापकाचे. एकाच वर्गातील पुढची मुले आणि मागची मुले यांच्यातील अंतर कमी करावयाचे असेल तर शिक्षकाला शाळेतच कोणाचा तरी आधार हवा, आणि तो आधार देण्याच्या जागी बसलेल्या माणसाला आपण कारकून करून टाकले आहे, हे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

सरासरीच्या आड

२०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या वर्गातील ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता येत होता. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना येत नव्हता. हा आकडा वाचून आपण हळहळतो. परंतु सरासरी ही अर्थशास्त्रातील मोठी फसवी गोष्ट आहे. दरडोई उत्पन्नाने जशी विषमता झाकली जाते, तद्वत या टक्केवारीने वर्गाच्या आतले चित्र झाकले जाते. पाचवीच्या एकाच बाकावर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारा मुलगा आणि जोडाक्षरापाशी अडखळणारी मुलगी शेजारी शेजारी बसतात. शिक्षकाच्या हाती पुस्तक मात्र एकच, पाचवीचे. तो ते पुस्तक शिकवितो, अभ्यासक्रम वेळेत पुरा करितो आणि तरीही वर्षअखेरीस त्या मुलीचे जोडाक्षर जिथल्या तिथे राहते. येथे शिक्षकाची कामचुकारी नाही. त्याला जे काम सांगितले ते त्याने केले. प्रश्न सांगितलेल्या कामाचाच आहे.

धाराशिव जिल्ह्याच्या सीमेलगत, सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या रस्त्यावरील तामलवाडीसारख्या गावाचा विचार केला म्हणजे हे अंतर कोठून येते ते समजते. हमरस्ता आणि सोलापूरसारखे शहर जवळ असले की ज्या पालकांना परवडते ते मुलांसाठी शहरातील शाळेची वाट धरतात. गावच्या शाळेत मागे राहतात ती प्रामुख्याने अल्पभूधारकांची आणि शेतमजुरांची मुले. या टापूतील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचे दुसरे सत्र आणि कारखान्याचा हंगाम यांची वेळ एकच. हंगामी वसतिगृहाची सोय जेथे होते तेथे मूल गावात टिकते. जेथे होत नाही तेथे ते कोयत्याबरोबर जाते. तुळजापूर तालुक्यातील तांड्यांवरून येणाऱ्या मुलांची घरची बोली वेगळी, पुस्तकाची मराठी वेगळी. पहिलीतच निर्माण झालेले हे अंतर कोणी मुद्दाम मिटविले नाही तर दरवर्षी वाढत जाते. कर्जावरील चक्रवाढ व्याजासारखीच त्याची गत आहे.

या जिल्ह्याची नोंद नीती आयोगाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातील चार आकांक्षित जिल्ह्यांमध्ये केली. गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम हे उरलेले तीन. मागासलेपणाची ही कबुली उपयोगाची आहे. परंतु जिल्ह्याच्या निर्देशांकात एखादा गुण वाढल्याने वर्गातली ती मुलगी वाचू लागते असे नव्हे.

एक माणूस, दोन कामे

शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या २४व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्यच ठरविले आहे. म्हणजे मागे राहिलेल्या मुलाकडे पाहणे ही शिक्षकाची मेहेरबानी नसून ते त्याचे कायदेशीर काम आहे. मात्र त्याच कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत १५० हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मानला आहे. सहावी ते आठवीसाठी ही मर्यादा १०० आहे. साठापर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक. ग्रामीण महाराष्ट्रात अशा लहान शाळा असंख्य आहेत. त्या सर्वांत दोघांपैकी जो ज्येष्ठ तो प्रभारी मुख्याध्यापक होतो.

आता याचा हिशेब मांडून पाहावा. दोन शिक्षक आणि पाच वर्ग. प्रभारी मुख्याध्यापक तालुक्याच्या बैठकीला गेला की शाळेचे निम्मे मनुष्यबळ गेले आणि उरलेल्या एकट्याच्या पदरी पाचही वर्ग आले. पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्त्यांचे अर्ज, आधारची जुळवणी, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, कार्यक्रमाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरील गटात त्वरित पाठविण्याचा आदेश, ही कामे त्या एकाच माणसाकडे येतात. यांतील एकेक काम वेगळे पाहिले तर क्षुल्लक आहे. अर्थशास्त्रात मात्र कोणत्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी जे सोडून द्यावे लागले ते. मुख्याध्यापकाने तक्ता भरण्यात घालविलेल्या तासाची किंमत म्हणजे सहकाऱ्याच्या वर्गात न बसलेला तास, न तपासलेले वाचन, न झालेला संवाद. ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणूनच ती बिनदिक्कत खर्च होते. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणूक एवढी कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असे त्याच कायद्याचे २७वे कलम सांगते. परंतु शाळेच्या आतून वाढलेल्या कागदपत्रांच्या ओझ्याला ते कलम अडवू शकत नाही.

हे दुखणे नवे नाही आणि त्यावरचा विचारही नवा नाही. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात शाळा-समूहाची कल्पना मांडली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे महाराष्ट्राचेच सुपुत्र. जवळजवळच्या शाळांनी एकमेकींना शैक्षणिक आधार द्यावा, वरून येणाऱ्या तपासणीपेक्षा शेजारच्या मदतीवर भर असावा, हा त्यामागील आशय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख ही रचना उभी केली ती याच वाटेवर. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शाळा-समूहाचाच पुरस्कार केला आहे. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ आपण एकच चांगली कल्पना पुन्हा पुन्हा कागदावर आणीत आलो. प्रत्यक्षात केंद्रप्रमुख हा माहिती गोळा करून वर पाठविणारा दूत झाला.

यशाचे मोजमाप

दुसरी अडचण प्रतिष्ठेच्या मोजमापाची. शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले चमकली, नवोदयला किती लागली, यावर शाळेचा लौकिक ठरतो. आपल्या जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय तुळजापुरातच आहे. सहावीसाठी तेथे दरवर्षी जागा असतात ८०. त्या ८० मधील एखादी जागा आपल्या गावाला मिळावी म्हणून सकाळ-संध्याकाळ जादा तास घेणारे शिक्षक कौतुकास पात्रच आहेत. परंतु जादा तासाचा हा ओघ वर्गातल्या पहिल्या चार-पाच मुलांकडेच वाहतो. ज्या मुलांना त्याची सर्वांत अधिक गरज आहे ती चार वाजता घरी जातात. सत्कार पुढच्या मुलासाठी होतो. अक्षर ओळखू लागलेल्या मुलीसाठी नारळ फुटत नाही. शिक्षक हाही माणूस आहे. ज्या कामाची दखल घेतली जाते तेच काम तो हौसेने करणार.

महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण होण्याची तरतूद आणली. परीक्षेने अंतर उघड होईल हे खरे. ते मिटेल कसे, याचे उत्तर तिच्यात नाही.

काय घडते, काय घडत नाही

आधार कसा द्यावा याविषयी अनुभव उपलब्ध आहे, आणि त्यात यशाइतकेच अपयशही बोधप्रद आहे. मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यमापन करून प्रत्येक शाळेसाठी सुधारणेचा आराखडा बनविण्याची मोहीम राबविली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी २०२० मध्ये तिचे परीक्षण प्रसिद्ध केले. आराखडे बनले, भेटी झाल्या, अहवाल भरले गेले. वर्गातील शिकविणे आणि मुलांचे शिकणे मात्र होते तिथेच राहिले. याउलट हरियाणात २०१२-१३ मध्ये प्रथम संस्थेच्या पद्धतीने शाळेचा रोजचा एक वेळ राखून ठेवला. त्या वेळात इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार गट केले. पर्यवेक्षकांनी आधी स्वतः असे वर्ग घेऊन पाहिले आणि नंतर शिक्षकांच्या मदतीला गेले. तेथे भाषेतील प्रगती मोजता येण्याइतकी झाली. ज्या पर्यवेक्षकाने स्वतः खडू हाती धरला त्याचा सल्ला शिक्षकाने मानला, एवढाच याचा अर्थ. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही असेच दिसले. मुख्याध्यापक शिक्षकांच्या बरोबरीने स्वतः शिकावयास बसतो, त्याचा मुलांच्या प्रगतीवर होणारा परिणाम त्याच्या इतर सर्व कामांहून मोठा असतो.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीचे काम उभे केले. ते पाहावयास राज्यभरातून शिक्षक गेले, आणि २०१५ मधील ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. एकेका शिक्षकाची अशी झेप अभिमानास्पदच आहे. परंतु एका शाळेतील प्रतिभावंत शिक्षकाची बदली झाली की ती शाळा पूर्वपदावर येण्याचा धोका असतो. कुमठ्याचा धडा वेगळा आहे. तेथे अधिकाऱ्याने तपासणीचे काम सोडून सोबतीचे काम पत्करले आणि चांगले शिकविणे ही अनेक शाळांची सामाईक रीत झाली.

चार गोष्टी

यातून करण्याजोग्या चार गोष्टी निघतात आणि त्यांतील एकीलाही मोठा निधी लागत नाही. पहिली, रोजचा एक तास केवळ मागे राहिलेल्या मुलांच्या वाचन-गणितासाठी राखावा, आणि तो कोणत्याही कारणाने मोडू न देणे हे मुख्याध्यापकाने आपले पहिले काम मानावे. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान ८०० तास अध्यापन सांगितले आहे. रोजचा एक तास म्हणजे २०० दिवसांचे २०० तास, एकूण अध्यापनाचा चौथा हिस्सा. ज्या मुलाला पुस्तकच वाचता येत नाही त्याच्यासाठी उरलेल्या ६०० तासांचे मोल याच तासांवर अवलंबून आहे.

दुसरी, मुख्याध्यापकाने आठवड्यातून एकदा तरी सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसावे, आणि त्या भेटीची नोंद गोपनीय अहवालात जाऊ नये. भीती असली की शिक्षक खरे आकडे दाखवीत नाही. आणि खोट्या आकड्यांवर कोणतीही मदत उभी राहत नाही. तिसरी, केंद्राची शिक्षण परिषद परिपत्रके वाचून दाखविण्यापुरती नसावी. तेथे एका शिक्षकाने आपल्या वर्गातील अडलेले मूल मांडावे आणि बाकीच्यांनी उपाय सुचवावेत. तांड्यावरच्या मुलाच्या बोलीचे शब्द एखाद्या शिक्षकाने जमविले असतील तर ती पुंजी सर्व केंद्राची व्हावी. ऊसतोडीहून परतणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये काय करावयाचे, हे ऑक्टोबरमध्येच ठरावे. चौथी गोष्ट शासनाने करावयाची. एकदा दिलेली माहिती दुसऱ्यांदा मागू नये आणि लहान शाळांच्या लेखी कामासाठी केंद्रशाळेत एक लिपिक द्यावा. पाच-दहा मुख्याध्यापकांचा वेळ वाचविणारा एक लिपिक हा खर्च नव्हे, तो काटकसरीचा व्यवहार आहे.

यावर आक्षेप येतील. पदे रिक्त असताना ही चर्चा कशाला, असे विचारले जाईल. रिक्त पदे भरली पाहिजेत, यात दुमत नाही. परंतु मनुष्यबळ तुटपुंजे असते तेव्हाच असलेल्याचा वापर जपून करावा लागतो. दुष्काळात पाणी मोजून वापरतात तसा. दुसरा आक्षेप असा की मुख्याध्यापकपद ज्येष्ठतेने मिळते, शिकविण्याच्या कौशल्याने नव्हे. हे खरे आहे. म्हणून तर पद मिळाल्यावर त्याला हिशेबाच्या नियमांबरोबरच दुसऱ्याचा वर्ग कसा पाहावा आणि सहकाऱ्याशी त्याविषयी कसे बोलावे, याचे शिक्षण मिळाले पाहिजे.

या जिल्ह्याला मुख्याध्यापकाची थोरवी नवी सांगावी लागू नये. निजामी राजवटीत, १९२१ साली, हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. साधनांची वानवा असताना त्या शाळेने मराठवाड्याला माणसे दिली. आज इमारत आहे, पगार आहे, पुस्तके आहेत, दुपारचे जेवण आहे. नाही तो मुख्याध्यापकाचा वेळ. तो त्याला परत दिला तर जोडाक्षरापाशी थांबलेली मुलगी सातवीत जाईपर्यंत वाचू लागेल. नाही दिला तर तीही एके दिवशी कोयत्याबरोबर जाईल, आणि आपण पुढच्या अहवालाची टक्केवारी वाचून पुन्हा हळहळू.