नाकाला पंचा, मग कानाला काय?

सिमरोलच्या परिसरात गव्हाची मळणी उन्हाळ्याच्या तोंडी होते आणि सोयाबीनची दसरा-दिवाळीच्या सुमारास. थ्रेशरवर उभा राहणारा माणूस नाकातोंडाला पंचा बांधतो, कारण भुसा दिसतो व टोचतो. कान मात्र उघडेच राहतात. आवाज दिसत नाही म्हणून तो इजा करीत नाही, ही समजूत आता सोडावी असे आमचे स्पष्ट मत आहे.

डोळा मिटता येतो, कान झोपेतही उघडा असतो. आवाजाने कानाचा पडदा थरथरतो. तीन चिमुकली हाडे ती थरथर आत शंखासारख्या वळलेल्या पोकळीत पोचवितात. तेथील द्रवात प्रत्येक कानात सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्या हलल्या की मेंदूला वार्ता जाते. मोठ्या आवाजाने त्या मोडतात आणि मोडलेली पेशी पुन्हा उगवत नाही. शेतात दुबार पेरणी होते, कानात होत नाही.

उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. मग ‘स’, ‘श’ यांसारखी अक्षरे निसटतात. बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. घरचे म्हणतात, “बाबा मुद्दाम लक्ष देत नाहीत.” बाबा चारचौघांत बसणे टाळू लागतात. याला केवळ म्हातारपण म्हणून सोडून देणे बरे नव्हे.

८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९१ डेसिबलला २ तासच. हातभर अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज धोक्याचा समजावा.

नुसता कापूस पुरत नाही. कानात बसणारे फोमचे बोळे किंवा कान पूर्ण झाकणारी साधने वापरावीत. यंत्र थांबविण्यासाठी हाताची खूण आधीच ठरवावी. आणि मालकाने स्वतःपुरते न पाहता मजुरालाही हे साधन द्यावे, कारण दिवसभर यंत्रापाशी तोच असतो.

काम संपल्यावरही कानात शिटी वाजत राहिली किंवा ऐकू कमी येऊ लागले, तर तपासणी लांबवू नये. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. गेलेली श्रवणशक्ती परत आणणे कठीण, पण उरलेली राखणे आपल्या हाती आहे.