कोकराचा बाप कोण?

कोकराची आई ओळखायला मेंढपाळाला प्रयोगशाळा लागत नाही. जिच्या कासेला ते बिलगते ती आई. बाप कोण, हे मात्र तो छातीठोकपणे सांगू शकत नाही. कळपात तीन-चार नर एकत्र सोडलेले. त्यात मुक्कामाच्या जागी शेजारच्या वाड्यातलाही एखादा घुसतो!

डीएनए चाचणी हे कोडे सोडवते. कोकराच्या प्रत्येक जनुकखुणेची एक प्रत आईकडून येते, दुसरी बापाकडून. ही दुसरी ज्या नराशी जुळत नाही तो बाद. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियातले पैदासकार कानाचा छोटा तुकडा पाठवून अशी वंशावळ लावतात. पण तेथे कुरणांना कुंपण आहे. आपल्याकडे नमुना न घेतलेलाच नर बाप असला, तर अहवाल कोरा येणार.

मग आपल्या दख्खनी मेंढीला या शास्त्राचा उपयोग काय? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गॅरोल मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनीत आणले. (जुळ्यांना दूध पुरवणे हा प्रश्न उरतोच.) ते नरात आहे का, हे कळण्यासाठी पूर्वी त्याच्या लेकी विईपर्यंत थांबावे लागे. २००१ मध्ये त्या जनुकातील नेमका बदल सापडला आणि रक्ताच्या थेंबावर निर्णय होऊ लागला.

सरकारला पैसा घालायचाच असेल, तर तो पैदाशीच्या नरांच्या अशा चाचणीत आधी घालावा. आज घडते उलटेच. झपाट्याने वाढलेले नर कोकरू पहिल्यांदा बाजारात जाते, कारण भाव त्यालाच येतो. मागे उरलेला पुढच्या पिढीचा बाप होतो.